अंधारातले भाऊबंद

एवढ्या थंडीत मफलर-स्वेटर चढवून आलेल्या अकोलेकर मंडळींनो,

आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत छापून आला आणि एका मित्राचा फोन आला. म्हणाला, "अरे, आपल्याकडे बोलायला काय कमी आहे? बिबट्या आहे, ऊस आहे, धरणं आहेत, दुधाचा भाव आहे. गुहेतले मासे कुठून काढलेस? नगर जिल्ह्यात आहेत तरी का ते?" मी म्हटलं, "नाहीत. पण त्यांचे भाऊबंद आहेत." तो म्हणाला, "मग भाऊबंदकीही असेल!" आहे ना. आज तिच्याविषयीच बोलायचंय.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दर वर्षी इथं जमतो, त्यांनी मला आठवीत शास्त्र शिकवलं. उत्तर सांगायच्या आधी ते वर्गाला विचारत, "तुम्हांला काय वाटतं?" आणि आमची सगळी चुकीची उत्तरं शांतपणे ऐकून घेत. आज त्यांचीच रीत वापरतो.

हरिश्चंद्रगडावर न गेलेलं या सभागृहात कोणी नसेल. केदारेश्वराच्या गुहेत मधोमध ती भलीमोठी पिंड, भोवती गार पाणी, चार खांबांपैकी तीन तुटलेले आणि एक उभा. ऐन मे महिन्यात त्या पाण्यात उतरलं तरी दातखीळ बसते. मी तिथं विद्यार्थ्यांना नेत असे, आणि दर वर्षी एखादा तरी विचारायचाच, "सर, यात आंधळे मासे असतील का?" तुम्हांला काय वाटतं?

नसतात. दोष देवाचा नाही, खडकाचा आहे. आपला सह्याद्री काळ्या कातळाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतलेल्या लाव्हाचा. हा कातळ झिजतो, फुटतो, पण साखरेसारखा विरघळत नाही. केदारेश्वराची गुहा काय किंवा पारनेर तालुक्यातलं टाकळी ढोकेश्वरचं लेणं काय, दोन्ही माणसानं छिन्नी-हातोड्यानं कोरलेली. कोरून हजार-दीड हजार वर्षं झाली असतील. माशांच्या वंशावळीत हा कालपरवाचा काळ. पिढ्यान्‌पिढ्या अंधारात राहायचं तर चुनखडीचा डोंगर लागतो. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना किंचित आंबट होतं आणि चुनखडी विरघळवत जातं. भेगेचं बीळ होतं, बिळाचं भुयार होतं, भुयाराची गुहा होते. या सगळ्याला लाखो वर्षं लागतात. तेवढ्यात नदीतली मासळी कधीतरी पुराबरोबर आत जाते आणि तिच्यातली काही आतच राहते.

आपल्या पाण्याशी नातं सांगणारा असा डोंगर कुठं? इथं जरा पाण्याचा माग काढू. हरिश्चंद्रगडाच्या अंगाखांद्यावरून निघालेली आपली मुळा कोतूळवरून राहुरीकडे जाते आणि नेवाशाजवळ प्रवरेला मिळते. प्रवरा टोक्याला, प्रवरासंगमावर, गोदावरीत जाते. गोदावरी पैठण, नांदेड करत तेलंगणात आणि पुढं आंध्रात उतरते. तिथं कुनवरमजवळ तिला शबरी येऊन मिळते. या शबरीला वरच्या अंगाला कोलाब म्हणतात, आणि कोलाबला बस्तरच्या जंगलातून येऊन मिळते कांगेर नावाची लहानशी नदी. जगदलपूरजवळच्या या कांगेर खोऱ्यात चुनखडी आहे, आणि त्या चुनखडीत कोटमसरची गुहा आहे. आपण बसलोय तिथलं पावसाचं पाणी आणि त्या गुहेतलं पाणी शेवटी एकाच गोदावरीतून समुद्राला जातं.

ही गुहा अभ्यासकांसमोर आणली ती भूगोलाचे अभ्यासक शंकर तिवारी यांनी, १९५०च्या दशकात. तिथल्या एका रातकिड्याच्या जातीला पुढं त्यांच्या नावावरून 'शंकरी' हे नाव मिळालं. (आपल्याकडे माणसाच्या नावानं चौक होतो, तिथं किडा झाला. मला विचाराल तर किडा जास्त टिकेल.) गुहेचं तोंड अरुंद, आत वाकून-सरकून उतरायचं, मग डबकी लागतात. पावसाळ्यात गुहेत पाणी भरतं आणि पर्यटकांसाठी ती बंद होते. त्या पाण्याबरोबर पालापाचोळा, किडेमकोडे आत येतात. वर्षभराची शिधासामग्री तेवढीच. उजेड नाही म्हणजे शेवाळ नाही, वनस्पती नाहीत. बाहेरून आलेलं खायचं आणि पुढच्या आषाढाची वाट बघायची.

त्या डबक्यांत एक मासा राहतो. बोटाएवढा, लांबुडका, तळाशी बसणारा. इंग्रजीत या गटाला लोच म्हणतात, आणि याचं शास्त्रीय नाव इंडोरिओनेक्टिस एव्हेझार्डी. जुन्या पुस्तकांत नेमाकायलस एव्हेझार्डी असं सापडेल. आता हे एव्हेझार्डी कोण? पुण्यातले एक कर्नल. फ्रान्सिस डे या इंग्रज डॉक्टरानं भारतातल्या माशांची जंत्री करताना १८७२ साली पुण्याच्या माशाला त्यांचं नाव दिलं. म्हणजे बघा, पुण्याच्या नदीतला मासा, पुण्याच्या कर्नलचं नाव, आणि तोच मासा बस्तरच्या गुहेत! नदीतला अंगावर पट्टे-ठिपके असलेला, मातकट रंगाचा. गुहेतला फिकट, काही तर जवळजवळ बिनरंगाचे. नदीतल्याचे डोळे ठीकठाक. गुहेत मात्र कोणाचे लहान, कोणाचे अगदी बारीक, कोणाचे दिसतच नाहीत. एकाच गुहेत असे सगळे नमुने. ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. गुहेचं काम अजून चालू आहे आणि आपण ते अर्ध्यावर असताना पाहतोय.

पण मंडळी, डोळे गेले, रंग गेला, हे झालं शरीराचं. सगळ्यांना तेवढंच माहीत असतं. डार्विननं १८५९ च्या ग्रंथात गुहेतल्या आंधळ्या प्राण्यांचा विचार केला, तेव्हापासून चर्चा डोळ्यांभोवतीच फिरत राहिली. मला विचारायचंय ते वेगळं. डोळे गेल्यावर मासा वागतो कसा? झोपतो का? भितो का? भांडतो का? चार जणांत राहतो का? स्वभाव बदलतो का?

कोटमसरच्या माशाला हे प्रश्न विचारले ते रायपूरच्या रविशंकर विद्यापीठातल्या अभ्यासकांनी. प्राध्यापक अतनू कुमार पती, जयंत बिस्वास आणि त्यांचे सहकारी १९८०च्या दशकापासून यामागे होते. त्यांनी मासा आणला, काचेच्या टाकीत ठेवला आणि मोजायला बसले. उजेड दिसला तर किती वेळा उजेडाकडे जातो, किती वेळा पाठ फिरवतो? दिवसात कधी हालचाल करतो, कधी स्वस्थ बसतो? हवेचा घोट घ्यायला वर किती वेळा येतो? आणि शेजारी नदीतला मासा ठेवून हेच सगळं पुन्हा.

त्यांना खरं तर घड्याळ शोधायचं होतं. आपल्या सगळ्यांच्या शरीरात एक घड्याळ असतं. कोंबडा आरवला नाही तरी शेतकऱ्याला पहाटे चारला जाग येते, ती त्यामुळे. हे घड्याळ रोज सूर्याला लावून घ्यावं लागतं. ज्यानं आणि ज्याच्या खापरपणजोबानं सूर्य पाहिलाच नाही, त्याच्या घड्याळाचं काय होत असेल? तुम्हांला काय वाटतं? बंद पडलं असेल?

पडलेलं नाही. कोटमसरच्या अंधारातला मासाही दिवस-रात्रीचा ताल सांभाळून आहे. त्याहून गमतीची गोष्ट पुढंच. त्याला रोज ठरावीक वेळी खायला घातलं, तर त्याच्या हालचालीचा दैनंदिन ताल जेवणाच्या वेळेप्रमाणे बदलतो. सूर्य नाही तर नाही, जेवणाची वेळ तर आहे! घरात बसून राहिलेल्या आम्हां निवृत्त माणसांना हे समजावून सांगायला नको. सकाळचा चहा आणि दुपारची भाकरी नसती तर वार कोणता हेही आम्हांला कळलं नसतं.

सगळ्यांचंच घड्याळ असं टिकतं असं मात्र नाही. आफ्रिकेत सोमालियाच्या वाळवंटाखालच्या पाण्यात एक मासा आहे. त्याचं घड्याळ उजेडाला ओळखतच नाही. जेवणाला ओळखतं, पण त्याचा दिवस चोवीस तासांचा नाही, जवळजवळ सत्तेचाळीस तासांचा. त्याचा वंश कोटमसरच्या माशापेक्षा खूपच आधी अंधारात गेला. आपला बस्तरचा भाऊबंद त्या मानानं नवखा. त्याच्या अंगात अजून नदी आहे.

आता तुम्हांला घेऊन जातो मेक्सिकोला. रस्ता लांब आहे, पण गुहेतल्या माशाच्या स्वभावाचा सगळ्यांत बारीक अभ्यास तिथल्या एका माशावर झालाय आणि तो टाळून बोलताच येत नाही. अॅस्टियानॅक्स मेक्सिकानस हे त्याचं नाव. १९३६ साली एका गुहेतून त्याचं आंधळं रूप जगापुढं आलं. नदीतला चांदीसारखा चकचकीत, मोठ्या डोळ्यांचा. गुहेतला गुलाबी आणि बिनडोळ्यांचा. तिथल्या तीसेक गुहांत तो आहे, आणि नदीतल्या माशाशी त्याची जोडी लावली तर पिलं होतात. दोन वेगवेगळ्या गुहांतल्या आंधळ्यांची जोडी लावली, तर काही पिलांना दिसूही लागतं! कारण एका गुहेत डोळे एका कारणानं गेले, दुसऱ्या गुहेत दुसऱ्या. एकाकडे जे मोडलं ते दुसऱ्याकडे शाबूत.

आता स्वभाव. पहिली गोष्ट, जमाव. नदीतला मासा थव्यात राहतो. एक वळला की सगळे वळतात, आपल्याकडे निवडणुकीच्या आधी वळतात तसे. गुहेतला थवा करत नाही. तुम्ही म्हणाल, दिसत नाही म्हणून. पण संकरित पिलं तपासल्यावर दिसलं की थव्याची ओढ कमी होण्याला डोळ्यांचं जाणं हे एकच कारण नाही. दिसत असूनही थव्यात न जाणारी पिलं निघतात. आणि थवा करायचा कशासाठी? पाखरू किंवा मोठा मासा झडप घालेल म्हणून. गुहेत झडप घालायला कोण आहे?

दुसरी, भांडण. नदीतले दोन मासे टाकीत सोडा. एक दुसऱ्याला ढुशा देतो, कोपऱ्यात कोंडतो, दादागिरी ठरते. गुहेतले दोन सोडा, बहुतेक वेळा दोघंही तळ हुंगत फिरत राहतात. मघाशी भाऊबंदकीचं विचारलं होतं ना? ती नदीतच उरली. बांध कोरायला बांध दिसावा लागतो.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत विलक्षण वाटते. भीती. मधमाश्यांची भाषा उलगडणारे कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३० च्या दशकात पाहिलं की एखाद्या लहान माशाची कातडी फाटली की तिच्यातून काहीतरी पाण्यात उतरतं आणि बाकीचे मासे जिवाच्या आकांतानं पळतात. एका अर्थानं ही पाण्यातली बोंब. मेक्सिकोतल्या गुहेतल्या माशाच्या कातडीतही हे द्रव्य आहे. त्याची कातडी नदीतल्या माशांना दिली तर ते घाबरतात. हा मात्र स्वतः, नदीतले पळतात तसा पळत नाही. बोंब मारायचं साधन शिल्लक आहे, ऐकून पळणारा राहिला नाही.

हे ऐकताना तुम्हांला वाटेल, अरे वा, गुहेतला मासा म्हणजे साधूच झाला! भांडण नाही, भीती नाही, गर्दी नाही. थांबा. त्याच्या जेवणाकडे बघा.

नदीतला मासा अंधारात तळावरचं खाताना जवळजवळ डोक्यावर उभा राहतो, शीर्षासनात. गुहेतला पंचेचाळीस अंशांत तिरपा राहून हनुवटीनं तळ चाचपत जातो. त्याच्या तोंडाभोवती चव ओळखणारी केंद्रं जास्त आहेत. काळोखात दोघांना एकत्र सोडून मांसाचे तुकडे टाकले तेव्हा पाचातले चार तुकडे गुहेतल्यानं शोधले. पाण्यात सेकंदाला पस्तीस-चाळीस वेळा थरथरणारी काडी धरली तर तो सरळ तिच्याकडे येतो. नदीतला तसा येत नाही, कारण थरथर म्हणजे किडा असेल तसा वैरीही असेल. गुहेत वैरी नाही, म्हणजे थरथर फक्त जेवणाची. आणि सापडलं की तो खातच सुटतो. काही गुहांतल्या माशांत पोट भरल्याची जाणीव करून देणारं जनुकच बिघडलंय. अंगात चरबी साठते, रक्तातली साखर वाढते, तरी आपल्यासारखे मधुमेहाचे भोग त्याच्या वाट्याला येताना दिसत नाहीत. दवाखान्यातल्या मंडळींचा त्याच्यावर डोळा आहे तो यामुळे. साधू कसला, दुष्काळातला कुणबी आहे तो. आज पिकलंय तर कणग्या भरून घे, उद्याचं कोणी पाहिलंय?

आणि झोप. नदीतला मासा दिवसातले बारा-तेरा तास झोपतो. गुहेतला दोन ते चार तास. का? शोधत राहावं लागतं म्हणून. या वयात मला स्वतःला रात्री तीननंतर झोप लागत नाही. डॉक्टर त्याला आजार म्हणतात. या माशाला कोणी आजारी म्हणत नाही.

मग डोळे गेले ते का? इथं एक हिशेब आहे. लहान माशाच्या डोळ्यांना आणि त्यामागच्या मेंदूला चालवायला, स्वस्थ बसलेल्या शरीराच्या खर्चाचा पाच ते पंधरा टक्के भाग लागतो. वापरात नसलेल्या पंपाचं बिल भरत राहिल्यासारखं. ज्याचं बिल कमी आलं, तो पुढच्या आषाढापर्यंत टिकला. पण डोळ्याला काही कोणी ठरवून काढत नाही. गुहेतल्या माशाच्या पिलालाही सुरुवातीला डोळ्याचा अंकुर फुटतो, मग त्यातलं भिंग मरतं आणि डोळा आत बुडतो. १९९९-२००० च्या सुमारास अमेरिकेत नदीतल्या पिलाचं भिंग गुहेतल्या पिलाच्या डोळ्यात बसवलं, तर तो डोळा वाढू लागला!

आता तुम्ही विचाराल, हे सगळं गुहेनं शिकवलं का? मला वाटतं, नाही. आणि आज मला एकच गोष्ट सांगायची असेल तर ती ही आहे. रात्री वीज गेली की आपण काय करतो? हात भिंतीला लावतो आणि भिंत धरून काडेपेटीकडे जातो. कोणी शिकवलं? गुहेतला मासाही भिंतीच्या कडेकडेनं पोहतो, अंगावरच्या पाण्याच्या लाटांवरून भिंत ओळखतो. ही ओळख नदीतल्या माशालाही असते. दिसत असेपर्यंत तिची फारशी गरज पडत नाही. नदीतली पिलं पहिल्यापासून अंधारात वाढवून पाहिली, तर एकाच पिढीत त्यांच्या चरबीत, शरीराच्या रसायनांत गुहेतल्यासारखे काही बदल दिसले. भुयाराच्या तोंडाशी आलेला मासा अर्धा तयारच असतो.

आपला लोच तर अर्ध्याहून जास्त तयार आहे. त्याच्या तोंडाला मिशांच्या तीन जोड्या. शिवाय नाकपुड्यांवर मिशीसारखे लांब सोंडके, आणि हीच इंडोरिओनेक्टिसची खूण. दिवसभर दगडाखाली दडायचं, अंगानं आणि मिशीनं तळ चाचपायचा. ज्यानं आयुष्य दगडाखालच्या काळोखात काढलं, त्याला गुहा म्हणजे जरा मोठा दगड. केरळात कोट्टायमच्या जांभ्या खडकातल्या विहिरींत आंधळे मागूर सापडतात. त्यांची पहिली जात १९५० साली नोंदली गेली. मेघालयाच्या गुहांत लोच आहेत, महसीरचा भाऊबंदही आहे. पण गुहांत पुन्हा पुन्हा शिरलेली घराणी पाहिली तर त्यांत लोच आणि मागूर वारंवार भेटतात. दोघंही मिशीवाले, दोघंही तळाचे, दोघंही रात्रीचे.

आणि आता घरी येऊ. इतकी वर्षं आपण एव्हेझार्डी या एकाच नावाखाली सह्याद्रीपासून बस्तरपर्यंतचे सगळे मासे कोंबले. अलीकडे जनुकं तपासली तेव्हा कळलं की यात अनेक जाती मिसळल्यात. २०२१ साली त्यातल्या दोन वेगळ्या काढून त्यांना नावं दिली गेली. एक हिरण्यकेशीतली, इंडोरिओनेक्टिस राजीवी. दुसरी इंडोरिओनेक्टिस नीलेशी, पुण्याचे मत्स्य-अभ्यासक नीलेश डहाणूकर यांच्या नावावरून. ती कुठली, माहीत आहे? गोदावरीला जाणाऱ्या मुळेची. पुण्याची नव्हे, आपली मुळा! आपण लहानपणी ओंजळीत धरून सोडून दिलेली ती मातकट मासोळी, जिला पोरं नुसतं मासोळीच म्हणतात, तिला शास्त्रात नाव मिळून जेमतेम काही वर्षं झालीत.

गुहेतला मासा वाचायचा तर नदीतला मासा हाताशी असावा लागतो. रायपूरच्या अभ्यासकांनी दोन टाक्या शेजारी ठेवल्या होत्या, हे विसरू नका. एक टाकी रिकामी झाली तर दुसरीतल्याचं वागणं कशाशी ताडून बघणार? कोटमसरला पर्यटकांची वर्दळ वाढली तर आपण हळहळू. पण मुळेतून वाळू उपसली जाते, गाळाबरोबर दगडही जातात, कोणी डोहात ब्लीचिंग पावडर टाकून रात्रीत सगळी मासळी वर आणतं, तेव्हा वर आलेल्यांत मोठे मासे उचलले जातात आणि बोटाएवढे तिथंच कुजतात. त्यांत हा असतो.

वेळ झाली, घंटा वाजण्याआधी थांबतो. एकच विनंती. मार्गशीर्षात मुळेचं पाणी निवळतं. नातवंडांना घेऊन कोतुळाच्या वरच्या अंगाला जा. गुडघाभर वाहत्या पाण्यात एखादा दगड हळूच उचला. खालून एक मातकट रेघ सळकन पळेल, दुसऱ्या दगडाखाली शिरेल. तिला पाहा. आणि उचललेला दगड होता तसाच, त्याच बाजूनं, परत ठेवा.